परवानगीच्या आधीचा दसरा

माझ्या टेबलावरून जे कागद जातात त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं असतं. वर कॉलेजचं नाव, खाली शिक्का आणि मधे तीन ओळी. अमुक विद्यार्थी अमुक कंपनीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रशिक्षण घेऊ शकतो, एवढंच. हे पत्र देणं किंवा न देणं, हे माझं काम. बाहरीनमधल्या एका खासगी कॉलेजात गेली चौदा वर्षं मी ते करते आहे.

गावी गेले की लोक विचारतात, "तू तिथं शिकवतेस का?" मी नाही म्हणते. "मग हिशेब बघतेस?" तेही नाही. मग मी समजावून सांगायला लागते आणि तिसऱ्या वाक्याला समोरचा माणूस चहा घेणार का म्हणून विचारतो. इथं मला कुणी अडवणार नाही, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडे बाहेरच्या देशांतून मुलं येतात ती विद्यार्थी व्हिसावर. त्या व्हिसाचा अर्थ असा, की तू इथं शिकायला आला आहेस आणि तुझी जबाबदारी कॉलेजने घेतली आहे. नोकरी करायची नाही. पण शेवटच्या सत्रात प्रत्येकाला कुठल्यातरी कंपनीत आठ आठवडे, म्हणजे कामाचे चाळीस दिवस, प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्याशिवाय पदवी नाही. म्हणजे काम करायला बंदी, आणि काम केल्याशिवाय सुटका नाही. या दोन्हींच्या मधे माझं अर्ध्या पानाचं पत्र असतं. ते देण्याआधी मी तीन गोष्टी बघते. मुलाचे पुरेसे विषय पास झालेत का, कंपनीतलं काम त्याच्या अभ्यासाशी जुळतं का, आणि कामाचा पहिला दिवस पत्रात दिलेल्या तारखेच्या आधीचा तर नाही ना. हे आमच्या कॉलेजचे नियम. दुसरीकडे वेगळे असतील, तेव्हा हा लेख वाचून कुणी आपल्या भाच्याला सल्ला देऊ नये.

दुसरी गोष्ट बघताना फार मजा येते. वास्तुरचनेच्या एका मुलाने केकच्या दुकानाचं पत्र आणलं होतं. "मॅम, पाच मजली केक असतो. लोड कॅलक्युलेशन असतं," असं म्हणाला. मी त्याला हसले नाही. दुपारी दुकानात जाऊन खरंच पाच मजली केक कसा उभा करतात ते बघून आले. आत काड्या घालतात आणि प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठा ठेवतात. मुलगा अगदीच खोटं बोलत नव्हता. पत्र मात्र दिलं नाही.

ही सगळं तपासून बघायची सवय मला आधीपासून आहे. मी आटपाडीच्या शाळेत शिकले. वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा आली ती माझी, आणि तीही एका कारकुनामुळे आली. परीक्षेच्या फॉर्मवर एक रकाना मी मोकळा सोडला होता. त्यांनी मला खिडकीतून हाक मारून परत बोलावलं, काय लिहायचं ते सांगितलं आणि वर ओरडले, "वाचायला शिकलीस ना? मग वाच की!" त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. पण त्यानंतर मी प्रत्येक रकाना वाचते. हजेरीच्या तक्त्यातलासुद्धा.

गेल्या वर्षी असाच एक तक्ता वाचताना मी अडकले.

सानिका परब नावाची मुलगी मालवाहतूक व्यवस्थापनाच्या शेवटच्या सत्रात होती. सनाबिसमधल्या एका कंपनीत तिचं प्रशिक्षण चालू होतं. जहाजातून आलेला माल बंदरातून सोडवायचा आणि गिऱ्हाइकाच्या गोदामापर्यंत पोचवायचा, हा त्या कंपनीचा धंदा. महिना संपल्यावर कंपनीने हजेरी पाठवली. इथं बहुतेक ऑफिसांत अंगठा लावायचं यंत्र असतं, त्याचा तो तक्ता होता. माझ्या पत्राप्रमाणे सानिका रविवारी रुजू व्हायला हवी होती. इथला आठवडा रविवारी सुरू होतो. पण तक्त्याची पहिली ओळ त्याच्या आधीच्या गुरुवारची होती. आत नऊ वाजून सात मिनिटं, बाहेर नऊ एकतीस. एकूण चोवीस मिनिटं. मग शुक्रवार-शनिवार कोरे आणि रविवारपासून रोजचे आठ तास.

आमच्या नियमात हे स्पष्ट आहे. परवानगीच्या आधी सुरू झालेलं प्रशिक्षण धरलं जात नाही, आणि मग त्याच्या पुढचंही धरलं जात नाही. चोवीस मिनिटं असोत की चोवीस दिवस.

मी सानिकाला बोलावलं.

"मॅम, मशीनचा प्रॉब्लेम असेल," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

"यंत्राला तुझा अंगठा माहीत कसा झाला, तू रविवारी रुजू झालीस तर?"

तिने तक्ता माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "मॅम, हे जाऊ द्या ना. चोवीस मिनिटंच आहेत."

तिच्यासाठी हे काय होतं ते सांगायला हवं. तिचे वडील सदानंद परब मालवणकडचे. जनाबियातल्या एका बाहरीनी कुटुंबाकडे ते बावीस वर्षं ड्रायव्हर आहेत. बायकामुलांना इथं आणता येईल असा व्हिसा त्यांना कधीच मिळाला नाही. सानिका गावी वाढली. बाप म्हणजे दोन वर्षांतून एकदा येणारा आणि साबणाचा वास असलेली बॅग आणणारा माणूस, असं तिनेच मला एकदा सांगितलं होतं. बारावीनंतर ती विद्यार्थी व्हिसावर इथं आली, कॉलेजच्या वसतिगृहात राहिली आणि दर शुक्रवारी वडिलांना भेटायला लागली. हे सत्र तिचं शेवटचं. जानेवारीत व्हिसा संपणार, आणि शेवटच्या सत्राला मुदतवाढ मिळत नाही. प्रशिक्षण बाद झालं तर चार वर्षं शिकून ती पदवीशिवाय परत जाणार होती.

म्हणून मी तिला जास्त टोचलं नाही. पण ती चोवीस मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात. कुणी पगारासाठी चोरून काम करतं तेव्हा आठ-दहा तास करतं. चोवीस मिनिटं कोण करतं? आणि तेही गुरुवारी?

घरी, माहूजला, रात्रीची भाकरी करताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे लक्ष गेलं. मागचं पान उलटून बघितलं. त्या गुरुवारी दसरा होता.

मी तवा उतरवून खुर्चीवर बसले. कारण मला लगेच दुसरं काहीतरी आठवलं, आणि ते माझ्याबद्दलचं होतं.

सप्टेंबरात परब स्वतः माझ्याकडे आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. खुर्चीवर बसायला तयार नव्हते.

"मॅडम, एक इचारूचा होता. आता पितरांचो पंधरवडो चालू आसा. तेच्यात चेडवाक नवीन कामाक घालूचा नाय असा वाटता. तारीख वायच फुडे नेवक जमात?"

मला त्यांची मालवणी कळायला एक क्षण लागतो, पण हे लगेच कळलं. मुलीच्या कामाची तारीख पुढे हवी होती. पितृपक्षात नवीन काम नको, हे मला आटपाडीतही कळत होतं. मधे चाचणी परीक्षा होती. म्हणून ती संपल्यानंतरचा पहिला रविवार मी पत्रात घातला. आठवड्याची सुरुवात, सरळ तारीख. परब हात जोडून गेले. कारण काय, ते मी फाइलमध्ये लिहिलं नाही. एवढीशी तर मदत, असं वाटलं होतं. त्या रविवारच्या तीन दिवस आधी दसरा आहे, हे मी बघितलंच नाही.

कंपन्यांना भेट देणं माझ्या कामात बसतं. दुसऱ्या दिवशी मी सनाबिसला गेले. तिथले व्यवस्थापक पुण्याचे परांजपे. परबांची आणि त्यांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झालेली. मी तक्ता पुढे ठेवला, तसे ते मोकळेपणी हसले.

"अहो मॅडम, मुहूर्त केला! तुम्हाला काय सांगायचं? आपले परब सकाळी नऊला दारात उभे. हातात पेढे, झेंडूची फुलं. बरोबर मुलगी, नवीन ड्रेस घातलेली. म्हणाले, साहेब, फक्त खुर्चीवर बसवा. आता दसऱ्याच्या दिवशी कुणाला नाही म्हणणार?"

"आणि अंगठा?"

"तो मीच म्हटलं, आलीच आहे तर आज नोंदवून टाक. रविवारी पुन्हा गर्दी असते."

"मग चोवीस मिनिटं काय केलं?"

परांजपे मोजायला लागले. आधी सगळ्यांना पेढे दिले. मग परबांनी तिच्या कीबोर्डवर एक फूल ठेवलं. शेजारच्या टेबलावरची फिलिपिनो मुलगी म्हणाली मलाही पाहिजे, म्हणून तिच्याही कीबोर्डवर ठेवलं. मग परबांना सगळं ऑफिस बघायचं होतं. प्रिंटर कुठला, फाइली कुठे, इथली खिडकी कुठे उघडते. "दहा मिनिटं तर त्यांनाच फिरवलं. गाडी चालवणारा माणूस, पण मुलगी कुठे बसणार ते सगळं बघितलं त्यांनी."

"आणि सानिकाने काही काम केलं?"

"एक डिलिव्हरी ऑर्डर केली, माल कुठे पोचवायचा त्याचा कागद. मुहूर्ताला काहीतरी खरं करायला पाहिजे ना. फ्रिजच्या सुट्या भागांची पेटी होती, सलमाबादच्या गोदामाची. मी शेजारी उभा राहून सांगितलं, तिने टाइप केलं."

"ती नंतर काढून टाकली का?"

"काढून कशी टाकणार? ट्रक गेला हो त्या ऑर्डरवर!"

मग त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, यात काही लोच्या आहे का? असेल तर मी लिहून देतो, यंत्र बिघडलं होतं म्हणून. खलास. एका पोरीचं वर्ष आहे."

खोटं सांगत नाही, तो कागद घ्यावा असं मला वाटलं. फाइलला लावला असता तर कुणीही विचारलं नसतं. मी "विचार करते" असं म्हणाले आणि टॅक्सीत बसले. वाटेत मला एक गोष्ट सतावत होती. तिथं कुणीच कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, आणि तरी नियम पुरता मोडलेला होता. परांजप्यांना मुहूर्त म्हणजे काम वाटत नव्हतं. मग काम नेमकं कुठं सुरू होतं? खुर्चीवर बसल्यावर, अंगठा लावल्यावर, की ट्रक गेल्यावर? इतकी वर्षं मी पत्रावर पहिला दिवस लिहीत होते, आणि पहिला दिवस म्हणजे काय ते मला सांगता येत नव्हतं.

आमच्या रजिस्ट्रार डॉ. मरियम बाहरीनी आहेत. कमी बोलतात आणि समोरच्याला संपूर्ण बोलू देतात, त्यामुळे माणूस हवं त्यापेक्षा जास्त सांगून बसतो. मी सगळं सांगितलं. पितृपक्षासाठी तारीख मी पुढे नेली आणि कारण लिहिलं नाही, तेही सांगितलं.

त्यांनी एकच गोष्ट विचारली. "हा दिवस एवढा खास का?"

"वर्षात साडेतीन मुहूर्त असतात. त्या दिवशी काहीही सुरू करायला वेगळी वेळ बघावी लागत नाही."

"साडेतीन? दिवस अर्धा कसा असतो?"

जन्मभर साडेतीन म्हणत आले आणि अर्धा का, हे कधी विचारलं नव्हतं. "मला कुणाला तरी विचारावं लागेल," मी म्हणाले. त्यांना ते खरोखर हवं होतं, म्हणून तिथूनच सासूबाईंना साताऱ्याला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "पाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा पूर्ण. दिवाळीचा पाडवा अर्धा. कुणी म्हणतं अक्षय्यतृतीया अर्धी. आणि तुला ऑफिसात हे काय काम लागलंय?" मी हे सगळं डॉ. मरियमना सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी जे सुरू केलं ते खरोखर सुरू झालं, असं तुम्ही मानता."

"हो."

"मग ती गुरुवारीच सुरू झाली. हे मी म्हणत नाही, तुम्ही म्हणताय."

मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या पुढे म्हणाल्या, "तो नुसता समारंभ होता की कामाची सुरुवात, हे मुलीने लिहून द्यावं. समारंभ असेल तर मी रविवार धरेन. पण सही तिची असेल."

मी बाप-लेक दोघांना बोलावलं. परब आले ते थेट जनाबियाहून, मालकिणीची परवानगी काढून. मी त्यांना सगळं समजावलं. ते या वेळी खुर्चीवर बसले, आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"चुकी माझी," ते म्हणाले. "चेडवान माझा ऐकला, इतक्याच. माका वाटला, मॅडमनी दसऱ्याच्या आठवड्यातली तारीख दिल्यानी, म्हणजे तेंच्या मनात दसरोच आसतलो. मॅडम मराठी आसत. तेंका दसरो कित्याक सांगूक व्हयो?"

त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मला ते माहीत असणार अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्या कुठल्या देशातली बाई माझ्या जागी असती तर त्यांनी विचारलं असतं.

"आता काय लिवचा ता मी सांगतंय," परब सानिकाकडे वळले. "लिव. मुहूर्त बिहूर्त काय नव्हतो. पेढे दिलव आणि गेलव."

"आणि डिलिव्हरी ऑर्डर?" सानिका म्हणाली.

"ती खंय कोण बघता?"

"बाबा, सिस्टीममध्ये माझं नाव आहे. ट्रक गेला त्या ऑर्डरवर."

"ट्रक जाऊ दे! डिग्री जायत तुझी! चार वर्सां मी कित्याक..." त्यांचा आवाज चढला. बाहेरच्या काउंटरवरची मुलं बघायला लागली.

"बाबा, हळू."

"हळू काय? देवाक मी सांगान काय ता. तू लिव, मुहूर्त नव्हतो."

मला आश्चर्य वाटलं ते याचं. ज्या माणसाला मुहूर्त इतका हवा होता, तो एका वाक्यात तो सोडून द्यायला तयार होता. आणि जी मुलगी आठवड्याभरापूर्वी माझ्यासमोर यंत्र बिघडलं म्हणाली होती, ती आता अडून बसली होती.

"मी मॅमशी खोटं बोलले कारण परांजपे सर अडकतील असं वाटलं," ती म्हणाली. "पण हे सही करून नाही बोलणार. ती पेटी पोचली बाबा. मी दुसऱ्या दिवशी सरांना मेसेज करून विचारलं होतं. ते माझं पहिलं काम आहे. ते काम नव्हतं असं मीच कसं लिहू?"

"मॅडम, तुम्ही सांगा तेका!"

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. मुलीचं भवितव्य टेबलावर होतं आणि मी वयाने मोठी होते. मी फक्त तिच्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, "जे झालं ते लिही."

तिने सहा ओळी लिहिल्या. फूल, पेढे, ऑफिस बघणं आणि पेटी. शेवटची ओळ होती, "त्या दिवशी मी कामाला सुरुवात केली." परब उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

डॉ. मरियमनी दोन दिवस घेतले. बुधवारी दुपारी त्यांचा निर्णय आला. तोवर केलेलं प्रशिक्षण बाद. म्हणजे जवळजवळ सात आठवडे पाण्यात. एक आठवडा राहिला होता. मात्र विद्यार्थिनीने खरं लिहिलं आहे, म्हणून शिस्तभंगाची कारवाई नाही. कंपनी तयार असेल आणि व्हिसाच्या मुदतीत चाळीस दिवस बसत असतील, तर नवीन परवानगीने पहिल्यापासून सुरुवात करता येईल. माझ्या नावाने एक वेगळं पत्र होतं, तारखा बदलताना कारण नोंदवण्याबद्दल. ते माझ्या फाइलला लागलं. रास्तच होतं.

परांजप्यांना फोन केला. "मला काय, मी दोनदा रुजू करून घेतो," ते म्हणाले. "या वेळी पेढे मात्र आमच्याकडून."

मग मी दिनदर्शिका घेऊन बसले. शुक्रवार-शनिवार सोडले, डिसेंबरातल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या सोडल्या, नव्या वर्षाचा दिवस सोडला. तीनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सुरुवात केली तर चाळिसावा दिवस व्हिसाच्या शेवटच्या दिवशी येत होता. रविवारी सुरुवात केली तर एक दिवस बाहेर जात होता. म्हणजे उद्या, नाहीतर नाहीच.

आणि उद्याच्या चौकोनात काळं वर्तुळ होतं. अमावस्या.

या वेळी मी आधी फोन केला. परबांनी उचलला, पण नुसतं "हां" म्हणाले. मी निर्णय सांगितला. मोजलेले दिवस सांगितले.

"उद्या काय आसा, तुमका म्हायत आसा?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे. अमावस्या."

"आणि परवा?"

"परवा सुट्टी. रविवारी एक दिवस कमी पडतो, भाऊ. मी तीनदा मोजलंय."

पलीकडे गाडीचा इंडिकेटर टकटक वाजत होता. ते कुठेतरी वळणावर थांबले असावेत.

"मग उद्याच जातला ता," ते म्हणाले. मग विचारलं, "कागद कितीक वाजता येतलो?"

"रजिस्ट्रार आज गेल्या. उद्या आठ वाजता ऑफिस उघडलं की लगेच सही घेऊन ईमेल करते. तिच्या फोनवर येईल."

"तवसर मी तेका गाडयेत बसवन ठेवतंय. कागद इल्याबिगर वर सोडूचंय नाय."

पुढचं थोडक्यात सांगते. तिचे चाळीस दिवस पुरे झाले, शेवटचा दिवस व्हिसाच्या शेवटच्या दिवशीच आला, आणि पदवी मिळाली. गावी जाताना ती माझ्याकडे आली होती, पण खरं सांगायचं तर त्या भेटीतलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती गुरुवारची सकाळ.

मी साडेसातलाच ऑफिसात जाऊन बसले होते. डॉ. मरियम आठला पाच मिनिटं असताना आल्या. मी पत्र घेऊन दारातच उभी. त्यांनी पर्स खांद्यावरून न काढताच सही केली, तारीख घातली, आणि मला म्हणाल्या, "आजचा दिवस कसा आहे तुमच्यात?"

"चांगला नाही."

"मग?"

"तरी सुरू करतोय."

त्यांनी मान हलवली. "यल्ला, चला, पाठवा मग."

मी शिक्का मारला, स्कॅन केलं आणि पाठवलं. पाठवल्याची वेळ आठ वाजून सहा मिनिटं. मग मी फोनकडे बघत बसले. एरवी पत्र पाठवलं की माझं काम संपतं. पुढे कोण कधी जिना चढतं, हे मला कधीच कळत नाही.

आठ अकराला परबांचा फोन आला. मागे रस्त्याचा आवाज, आणि गाडीचं दार बंद झाल्याचा.

"मॅडम, कागद इलो. तारीख मी स्वतः वाचलंय. आजचीच आसा." मग म्हणाले, "सोडलंय वर."